चित्रमावशीचा हात

भूल चढायला थोडा वेळ लागेल, तोवर बाहेर बसा, असं दंतवैद्यानं सांगितलं आणि थोरली आपला अर्धा चेहरा सांभाळत बाहेर येऊन बसली. उरलेला अर्धा अजून जाग्यावर होता, पण त्याचाही काही भरवसा वाटत नव्हता. आधी ओठाचा उजवा कोपरा गेला, मग गालाची खालची बाजू, मग जिभेची कड. न सांगता-सवरता, एकेक करून, भरल्या घरातली माणसं वेगळी निघावीत तशी. तिनं बोटानं ओठ चाचपून पाहिला. बोटाला ओठ लागला. ओठाला बोट लागलं नाही. समोरच्या भिंतीवर एका हसऱ्या दाढेचं चित्र होतं. दाढेला हात होते, पाय होते, आणि ती हसत असल्यामुळे तोंडात दातही होते. त्या दातांना कीड लागली तर दाढेनं कुठे जायचं, हा प्रश्न चित्र काढणाऱ्याला पडला नव्हता. थोरलीला असे प्रश्न पडत. तो तिचा धंदाच होता. बरीच वर्षं ती एका छापखान्यासाठी माहितीपुस्तिकांतली चित्रं काढत आली होती: झाकण असं फिरवा, बटण असं दाबा, ओल्या हातानं प्लगला शिवू नका. सगळी हातांची चित्रं. मनगटापाशी हात संपायचा, पुढे कोरा कागद. त्या हाताला मागे माणूस नसायचा आणि तो कुठे गेला असं कुणी विचारायचंही नाही. मिक्सर घेणाऱ्याला मिक्सर हवा असतो, झाकण बसवून दाखवणाऱ्या हाताची ख्यालीखुशाली नको असते.

शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारा हनुवटी छातीला टेकवून झोपला होता, आणि त्याच्या पलीकडे दोन वेण्या घातलेली, सहा-सात वर्षांची एक मुलगी मांडीवर टॅब आणि टॅबवर वही असा डोलारा सांभाळत बसली होती. पुढचा एक दात तिनं जिभेनं सारखा हलवत ठेवला होता. बहुधा त्या दातासाठीच तिला आणलं होतं. टॅबमधून आवाज आला, "कसे आहात माझ्या रंगारी बाळांनो? मी तुमची चित्रमावशी!" आणि थोरली दचकली वगैरे नाही. या आवाजाची तिला सवय होती. लिफ्टमध्ये, दुकानातल्या रांगेत, शेजारच्या घराच्या भिंतीतून तो कुठूनही यायचा. तिच्या धाकट्या बहिणीचा आवाज, गुळात बुडवून काढलेला. घरी ती इतकं गोड बोलत नसे. आणि आवाज आला की थोरली मान न वळवता डोळे तेवढे वळवायची, कारण आवाज धाकटीचा असला तरी पडद्यावर दिसणारा हात थोरलीचा असे. वरून दिसणारा कागद, कागदावर एक उजवा हात, हातात पेन्सिल, एवढंच चित्रमावशीचं जगाला झालेलं दर्शन. त्यातलं जे दिसतं ते आपलं आणि जे ऐकू येतं ते धाकटीचं, ही वाटणी तिला मनातून आवडायची. लिफ्टमध्ये एखादी आई मुलाला म्हणायची, "बघ, मावशी कशी एका रेघेत काढते," आणि थोरली तोच हात पिशवीत घालून किल्ली शोधत असायची. असलं सुख सांगता येत नाही आणि सांगितलं तर उरत नाही.

पडद्यावरच्या हातानं कागदावर पेन्सिलीचं बूड दोनदा टेकवलं. टक टक. मग मांजराच्या डाव्या कानापासून सुरुवात केली. थोरलीनं समाधानानं पाहिलं की कान नेहमीसारखा जरा जास्तच टोकदार आलाय, अंगठ्याच्या नखावर निळा डाग आहे, मधल्या बोटात आईची अंगठी आहे. आणि मग, पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली सपाट जमीन निघावी, तशी ती अडखळली. हे मांजर आपण कधी काढलं? कागदाखालचं टेबल पांढरं होतं. तिचं टेबल तपकिरी, त्यावर चहाच्या कपाचं एक वर्तुळ, ते लपवायला कागद नेहमी त्याच्यावरच ठेवलेला. पांढरं टेबल धाकटीकडे होतं. थोरलीनं आपला उजवा हात मांडीवर उताणा टाकला होता तो पालथा केला आणि मधल्या बोटाकडे पाहिलं. बोटावर अंगठी नव्हती, अंगठीच्या जागी फिकट कातडीचा एक पट्टा होता. अंगठी पडद्यावर होती. मांजराचा दुसरा कान काढत होती.

आईची ती चांदीची अंगठी थोरलीला ढिली व्हायची. हात धुताना एकदोनदा मोरीत जाता जाता वाचली, तेव्हापासून तिनं आतल्या बाजूनं लाल दोरा गुंडाळला होता. पडद्यावरच्या अंगठीलाही लाल दोरा होता. पण पडद्यावरचं बोट ढिलं नव्हतं. ते गुबगुबीत बोट अंगठीच्या दोन्ही बाजूंनी पावासारखं फुगून वर आलं होतं, म्हणजे अंगठी आधीच घट्ट, त्यात दोरा. काढताना साबण लागला असेल, कदाचित रडूही आलं असेल. गरज नसताना दोरा ठेवला होता. दोरा उसवून टाकायला वेळ किती लागतो? पण मुलांच्या नजरा फार बारीक, हे धाकटीलाही ठाऊक होतं. दोरा नसता तर कुठल्यातरी चिमुरड्यानं नक्की लिहून विचारलं असतं, मावशी, तुझा दोरा कुठे गेला? अंगठी नेली, नखावरचा डाग नेला (तो डाग थोरलीच्या नखात कायमचा मुरलेला, धाकटीनं मात्र दर वेळी शाईत अंगठा बुडवला असणार), ते टक टकसुद्धा नेलं. चोर घरात शिरला आणि जाताना उंबऱ्यावरचं पायपुसणंही घेऊन गेला, अशातली गत. आणि थोरलीला पहिल्यांदा आला तो राग नव्हता. पहिला विचार आला तो असा, की कान बरा काढलाय.

हे सगळं सुरू झालं होतं भाचीच्या मोडलेल्या पायापासून. धाकटीची मुलगी तेव्हा सात वर्षांची, पाय प्लॅस्टरमध्ये, दिवसभर पलंगावर आणि तोंडानं अखंड भुणभुण. थोरली शहराच्या दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी ती फोन कपडे वाळत घालायच्या घोडीला उलटा बांधायची आणि खाली कागद ठेवून भाचीसाठी चित्र काढायची, आणि तिकडे पलंगावर भाची ते बघून आपल्या वहीत काढायची. भाचीला पडद्यावर नीट दिसायचं नाही, म्हणून धाकटी शेजारी बसून सांगायची: "मावशी आता कान काढतेय बघ. आता… थांब हं, हे काय काढतेय मावशी? शेपूट! नाही, नाही, पाय!" धाकटीला चित्रातलं ओ की ठो कळत नसल्यामुळे ती नेहमी एक रेघ मागे असायची. हात पुढे जायचा, आवाज धापा टाकत मागून यायचा. भाची हसून हसून बेजार व्हायची. तिच्या मैत्रिणींना दाखवलं, मैत्रिणींच्या आयांनी पुढे पाठवलं, आणि भाचीचं प्लॅस्टर निघालं तेव्हा दोघी बहिणी थोरलीच्या टेबलाशी समोरासमोर बसून दर आठवड्याला एक चित्र करत होत्या. नाव भाचीनंच ठेवलं, चित्रमावशी. मग मुलांना शिकवायचे व्हिडिओ लावणाऱ्या एका कंपनीनं त्यांना हाताशी धरलं. कंपनीच्या माणसानं सुचवलं की 'मावशी काढतेय' असं म्हणू नका, 'मी काढतेय' म्हणा, मुलांचा गोंधळ होतो. एकाच बाईला हात आणि तोंड दोन्ही असलेलं बरं. त्यावर दोघी बहिणी पोट धरून हसल्या होत्या. "हात माझा, तोंड तुझं," थोरली म्हणाली होती, "तशीही आपल्या घरात हीच पद्धत आहे." त्या दिवसापासून धाकटी 'मी' झाली. थोरलीला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटलं ते इतकंच, की हिशेबानं धाकटी कुणाचीच मावशी नाही. मावशी व्हायला बहिणीला मूल असावं लागतं. थोरलीला मूल नव्हतं. म्हणजे साऱ्या जगात जिला मावशी म्हणायला एकही मूल नाही, अशी बाई घराघरात मावशी होऊन बसली होती, आणि जी खरोखरची मावशी, ती दातांच्या दवाखान्यात अर्धं तोंड हरवून बसली होती. ही गोष्ट दुसऱ्या कुणाची असती तर थोरली मनापासून हसली असती. हसायचा प्रयत्न तिनं केलाही, पण तोंड एकाच बाजूनं वर गेलं.

"काकू, तुमचं तोंड वाकडं का झालंय?" मुलीनं विचारलं.

"भूल दिलीय," थोरली म्हणाली. बाहेर पडलं ते वेगळंच काहीतरी, सगळी व्यंजनं आत ठेवून नुसते स्वर आल्यासारखं.

"मला पण देणारेत?"

थोरलीनं मान हलवून नाही म्हटलं. तिला काही माहीत नव्हतं, पण दात इतका लोंबत होता की तो शिंकेनंही पडला असता. मुलीला तेवढं पुरलं. तिनं टॅबवर बोट आपटून व्हिडिओ पुन्हा सुरू केला, हातानं पुन्हा टक टक केलं, आणि मुलीनंही आपल्या पेन्सिलीनं वहीवर टक टक करून उत्तर दिलं. हे थोरलीला नवीन होतं. म्हणजे मुलं उत्तर देतात? इतकी वर्षं ती टेबलापलीकडे कुणासाठी टकटकवत होती आणि कुठल्याकुठल्या घरांतून कोण उत्तर देत होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुलांचे निरोप धाकटीकडे यायचे. त्यातले चांगले ती वाचून दाखवायची. निदान चांगले तेवढे सगळे वाचून दाखवते, असा थोरलीचा समज होता.

ते टक टक मुलांसाठी नव्हतंच मुळी. आईचं डोकं दुखायचं. दुपार झाली की खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आई आतल्या खोलीत कपाळाला ओला रुमाल बांधून आडवी, आणि बाहेरच्या खोलीत दोघी बहिणींना ताकीद की तोंडातून चकार शब्द निघता कामा नये. थोरलीला ते सोपं जायचं. धाकटीला गप्प बसवणं म्हणजे उकळत्या दुधाला वर येऊ नको म्हणण्यासारखं. तेव्हा थोरली कागद घ्यायची, टेबलाच्या एका बाजूला बसायची, धाकटी समोर. पेन्सिलीचं बूड दोनदा टेकवायचं: बघतेयस ना? धाकटीनं बोटाचं पेर दोनदा टेकवायचं: बघतेय. मग थोरली काढायची, आणि काय निघतंय ते धाकटीनं ओळखायचं, तोंड न उघडता, नुसते डोळे मोठे करून. समोर बसल्यामुळे धाकटीला सगळी चित्रं उलटी दिसायची. घोड्याचे पाय आकाशात, घराचं छप्पर जमिनीत. पुढे व्हिडिओसाठी समोरासमोर बसल्या तेव्हाही तसंच, माइक धाकटीच्या बाजूला म्हणून. थोरलीचा हात सवयीनं टकटक करायचा, बघतेयस ना, आणि समोरून पेराचं उत्तर यायचं, जे माइकला ऐकू जाऊ नये म्हणून धाकटी मांडीवर द्यायची. बघतेय. बघत होती खरी. डोळ्यांत तेल घालून बघत होती. प्रश्न विचारणाऱ्यानं उत्तराचा इतका विचार केलेला नसतो, एवढंच.

थोरलीचा खांदा आखडला तो या थंडीत. हात वर जाईना, वेणी घालता येईना. धाकटी तेलाची बाटली घेऊन आली, स्वतः चोळून दिलं, आणि म्हणाली, "ताई, आपण जरा थांबू या. मुलं काय पळून चाललीत? तू अगदी ठणठणीत झालीस की मग बघू." तिच्या हातात ऊब होती. हे आठवून आत्ता थोरलीला खांद्यावर त्या बोटांचा दाब पुन्हा जाणवला, आणि या वेळी त्या बोटांची लांबी-रुंदी, नखांचा आकार, अंगठ्याचं वळण. तेव्हा डोळे मिटून घेतले होते. निघताना दारात चपला घालता घालता, अगदी आठवण झाल्यासारखं, धाकटी म्हणाली, "अगं, आईची अंगठी दे ना जरा. एक कार्यक्रम आहे, आईचं काहीतरी अंगावर असावंसं वाटतंय."

"दोरा काढून टाक, तुला घट्ट होईल," थोरली म्हणाली होती.

"असू दे," धाकटी म्हणाली. "असू दे तसाच."

आणि थोरलीचे डोळे भरून आले होते. आईची आठवण काढते अजून पोर, असं वाटून. त्या भरून आलेल्या डोळ्यांची आता तिला इतकी लाज वाटली की कान तापले. कान अजून तिचे होते.

टॅबमध्ये मांजराची पाठ आली, पोट आलं. "आता मी पाठीमागचा पाय काढणारे," आवाज म्हणाला, आणि मग हातानं पाठीमागचा पाय काढला. थोरली ताठ बसली. आवाज पुढे होता. इतकी वर्षं आवाज मागे असायचा, "आता मी काय काढतेय बरं? ओळखा ओळखा!" म्हणत, कारण त्याला स्वतःलाच ठाऊक नसायचं, आणि मुलांना वाटायचं मावशी कोडं घालतेय. आता आवाजाला सगळं आधीच माहीत होतं. कोडं संपलं होतं. समोर कुणी बसलेलं नव्हतं. पांढऱ्या टेबलाशी धाकटी एकटी बसून टक टक करत असणार, आणि समोरची खुर्ची रिकामी. त्या खुर्चीत कोण बघत होतं तिच्याकडे? थोरलीला हे चित्र दिसलं आणि नको असताना तिची दया आली. दयेपेक्षा राग बरा, म्हणून तिनं फोन काढला.

"बोल ताई, पटकन बोल हं, दूध ठेवलंय."

"अंगठी," थोरली म्हणाली. तिच्या कानांना ऐकू आलं ते "अं-ई."

"काय? ऐकू येत नाहीये. कुठे आहेस तू?"

"अं-ई!"

"अगं कुठली आई? ताई, रडतेयस का तू? काय झालं?… आज तुझी दाढ होती ना? दुखतंय का फार?" आणि मग, मागे दूध उतू जाताना चुर्र आवाज आला आणि ते कुणी खाली उतरवलं नाही, त्यावरून थोरलीला कळलं की धाकटीला कळलं. "अंगठी म्हणतेयस?" धाकटी म्हणाली. तिचा खरा आवाज होता हा, बिनगुळाचा. "बघितलास तू? कुणी दाखवला? मी येणारच होते सांगायला. खरंच. या रविवारी येणार होते, तुझ्यासाठी वडी पण… ताई, ऐक. कंपनीवाले मागे लागले होते. ते म्हणाले बाहेरची कुणी मुलगी बसवतो, हात काय, कुणाचाही चालेल. कुणाचाही! मी म्हटलं घरातला तरी राहू दे. बाहेरच्या कुणाचा चालला असता तुला? आणि तूच म्हणाली होतीस, आठव. हत्ती काढून काढून माझी सोंड व्हायची वेळ आलीय, तूच काढ आता. म्हणाली होतीस की नाही?"

म्हणाली होती. चहा पिताना, हसत. असं बोललेलं कुणी जपून ठेवतं का? धाकटीनं ठेवलं होतं, वेळेला उपयोगी पडेल म्हणून, जुन्या पिशव्या ठेवाव्यात तसं.

"वर्षभर शिकतेय मी," धाकटी बोलत होती, "तुझेच व्हिडिओ लावून, हळू करून करून. पोरगी शाळेत गेली की. तुला काय वाटतं, सोपं होतं? उलटं बघायची सवय माझी, सरळ काढायला बसले की हात उलटा जायचा. तुला विचारलं असतं तर तू हसली असतीस. बोल ना काहीतरी! हे तुझं बरं आहे. लहानपणापासून तू गप्प बसायचं आणि बडबड करून वाईट मी व्हायचं."

वर्षभर. खांदा तर आत्ता या थंडीत आखडला. थोरलीनं हा हिशेब मांडला आणि तो मनातल्या मनात पुसून टाकायचा प्रयत्न केला, पण तो पेन्सिलीचा नव्हता. तिच्याकडे एक वाक्य तयार होतं. चांगलं, नेमकं, धारदार वाक्य. असलं वाक्य माणसाला आयुष्यात फार वेळा सुचत नाही. मागितलं असतंस तर दिलं असतं, हातसुद्धा दिला असता, घेतलास कशाला. तिनं ते सगळं म्हटलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. म्हातारा जागा झाला आणि तिच्याकडे बघून पुन्हा झोपला.

"काय कळत नाहीये गं," धाकटी रडवेल्या आवाजात म्हणाली. "भूल उतरली की फोन कर. आणि गरम काही पिऊ नकोस लगेच, तोंड भाजेल, कळणार नाही." फोन बंद झाला. शेवटपर्यंत काळजी. विश्वासघात करणाऱ्यानं निदान थंडपणानं बोलावं, म्हणजे समोरच्याला काही धरून ठेवता येतं. गरम पिऊ नकोस म्हटल्यावर काय करायचं?

"काकू, तुम्ही रडताय?"

थोरलीनं हनुवटीवर हात फिरवला. ती लाळ होती. तिनं रुमालानं पुसली आणि मान हलवली. मुलीची वही आता तिच्या बाजूला कलली होती. मांजराचा पाठीमागचा पाय तिथे अडकला होता. दोनदा खोडून कागद खरवडला गेला होता. थोरलीचा हात आपोआप पुढे झाला. मुलीनं क्षणभर विचार करून, म्हाताऱ्याच्या पोटावरून, पेन्सिल तिच्याकडे दिली, वही धरली. पाय ही थोरलीची खासियत. पाठीपासून निघून पंजापर्यंत, मध्ये कुठेही न थांबता, एक रेघ. तिनं काढली. खांदा दुखला, पण रेघ आली, जिवंत आली, मांजर आता उडी मारणार की काय अशी. खरा हात कुणाचा ते आता या वहीला तरी कळलं असेल, असं वाटून ती मागे टेकली.

मुलीनं पाय निरखून पाहिला. "असं नसतं," ती म्हणाली. "आधी घेवड्याचा दाणा काढायचा. मग त्याच्याखाली काठी. मग पंजा. मावशी तसंच सांगते. तुमचं खूप भरभर आहे."

"आधी मावशीही असंच काढायची," थोरली म्हणाली. या वेळी शब्द थोडेफार शब्दांसारखे आले असावेत, कारण मुलीनं नाक मुरडलं.

"हो, आधी. ते मला कधीच जमायचं नाही. मी रडायचे. आई म्हणायची बंद करून टाक ते. आता मावशी हळू सांगते. आता तिला कळतं आपण कुठे अडकतो ते." एवढं बोलून तिनं पेन्सिल परत घेतली, रबर काढलं आणि थोरलीचा पाय खोडला, मन लावून, भुसा फुंकून टाकत. त्या जागी एक दाणा काढला, त्याखाली काठी, त्याला पंजा. पाय मोडल्यासारखा दिसत होता. पण तो तिचा होता, आणि ती त्याच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती ते डोळे थोरलीनं एकदाच पाहिले होते, प्लॅस्टर घातलेल्या भाचीचे. कुठे अडकतो. इतकी वर्षं थोरलीला वाटत होतं की आपण शिकवतोय. ती नुसती काढत होती, आणि कुठेतरी पोरं वह्या घेऊन रडत होती, आणि ते निरोप धाकटीनं वाचून दाखवले नव्हते. हे लपवणं माया होती की पुढची तयारी? दोन्ही असेल. धाकटीचं काहीही कधी एकाच कारणासाठी नसे. अंगठी गेली याचं वाईट वाटून घेता आलं असतं, हात गेला याचंही. पण ती अधिक चांगलं शिकवते, हे दुःख कुणापुढे मांडायचं आणि कुठल्या तोंडानं?

मुलीनं मिशा काढल्या. डाव्या बाजूला चार, उजव्या बाजूला पाच. थोरलीनं बोट ठेवून डावीकडे दाखवलं: एक राहिली.

"नाही, चारच असतात. मावशीच्या मांजराची एक मिशी भांडणात गेली. तिच्या बहिणीनं उपटली." मुलगी समजूत घातल्यासारखी म्हणाली. "तुम्ही पहिल्यापासून बघितलं नाही ना, म्हणून तुम्हाला माहीत नाही."

पहिल्याच मांजराच्या वेळी पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. चार मिशांवर. थोरली घाबरून थांबली होती आणि समोरून धाकटीनं, डोळाही न लववता, ही बहिणीची गोष्ट त्याच क्षणी रचून चूक झाकली होती. तेव्हापासून घराघरांतली मांजरं डावीकडे चारच मिशांची झाली. दोघींनी मिळून केलेली ती एकच गोष्ट असावी, जिच्यात कुणाचं काय हे सांगता येत नव्हतं. थोरलीनं मुलीच्या हातातली पेन्सिल घेतली आणि तिचं बूड वहीच्या कडेला दोनदा टेकवलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मुलीनं चटकन वर पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले.

"तुम्हीपण तिच्याकडूनच शिकलात?"

"हो," थोरली म्हणाली. हा एक शब्द मात्र अगदी स्वच्छ आला.

"तरीच," मुलगी म्हणाली, आणि पेन्सिल परत मागून घेतली.

आतून दार उघडलं. "चला मावशी, या आत," मदतनीस बाई म्हणाली, जसं ती दिवसभर सगळ्यांनाच म्हणत असेल. मुलीनं मान वर केली नाही. ती मांजराला रंग देत होती.

खुर्ची मागे कलली, दिवा डोळ्यांवर आला. दंतवैद्यानं कसल्याशा टोकदार हत्यारानं हिरडीला टोचलं असावं, कारण त्यानं विचारलं, "काही जाणवतंय?" आणि थोरलीनं मान हलवल्यावर तो खूश झाला. "उत्तम. आता बोलता येणार नाही तुम्हाला, बोलूही नका. दुखलं तर नुसता हात वर करा. हात दिसला की मी थांबतो." यंत्र सुरू झालं. डोक्याच्या हाडातून एक बारीक किणकिण फिरू लागली, जळल्यासारखा वास आला, पाणी उडालं. दुखत नव्हतं. जिथे काम चाललं होतं तिथे कुणी राहतच नव्हतं. रविवारी धाकटी येईल, वडी आणेल, पायरीवर चपला काढता काढता रडायला लागेल, आणि साबण लावून अंगठी काढून देईल, दोऱ्यासकट. आणि आपण ती घेऊन ठेवून देऊ, आणि चहा टाकू. यापेक्षा वेगळं काही होणार नाही हे तिला आत्ताच दिसत होतं, आणि जे दिसत होतं ते फार बारकाईनं काढलेलं होतं.

तिनं हात वर केला.

यंत्र थांबलं. "दुखलं?"

तिनं मान हलवली. नाही. हात तसाच राहिला, दिव्याच्या उजेडात, मनगटापासून वर, मागे माणूस नसलेला. नखावर निळा डाग, मधल्या बोटावर फिकट पट्टा. दंतवैद्यानं हाताकडे पाहिलं, मग मदतनीस बाईकडे, मग पुन्हा हाताकडे.

"दुखत नसेल तर मग हात खाली घ्या ना, मावशी," तो म्हणाला. "नाहीतर मला वाटतं काहीतरी म्हणायचंय तुम्हाला."